मलाही दिसत नाही

त्या गुरुवारी मी दत्ताच्या देवळातून नमस्कार न करताच बाहेर पडलो. वर्षभर गुरुवार धरले होते, एक वेळचं जेवण सोडलं होतं, आणि मागणं एकच होतं, माझे डोळे वाचव. पण त्या सकाळी पिंपरीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा हा आजार बरा होणारा नाही, नजर हळूहळू जाणार. दिव्यांग दाखल्यासाठी लागणारा कागद त्यांनी हातात दिला. तो मी घडी करून खिशात कोंबला. बायकोलाही यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

चाकणच्या एका कंपनीत मी एकोणीस वर्षं तपासणी खात्यात होतो. मशीनवरून आलेले लोखंडी भाग बघायचे आणि पास करायचे, हेच माझं काम. नजर जातेय हे तिथे कुठल्या तोंडाने सांगणार? मी अंदाजाने दिवस ढकलत होतो, आणि त्यातच माझ्या हातून पाप घडलं. कडेला धातूची बारीक टोकं राहिलेला एक लॉट मी पास केला. गिऱ्हाईकाने तो परत पाठवला, आणि ठपका आला मशीन चालवणाऱ्या रमेशवर. लातूरकडचा साधा माणूस.

"दादा, लॉट तर तुम्ही बघितला होता ना?" त्याने विचारलं.

"माझ्याकडे आला तेव्हा ठीक होता," मी म्हणालो.

त्याला लेखी समज मिळाली. मी मान खाली घालून डबा खाल्ला. देवापुढे डोळे मागायला दर गुरुवारी उभा राहायचो, पण ही गोष्ट तिथेही कधी बोललो नाही.

तर त्या गुरुवारी देवळातून निघून भोसरीच्या स्टॉपवर कुरुळीला घरी जायला उभा होतो. एक बस येऊन थांबली. तिची पाटी मला नुसता उजेडाचा पट्टा दिसत होती. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "भाऊ, ही चाकणची आहे का?"

बघतो तर पन्नाशीचे एक गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, हातात पांढरी काठी. एरवी अशा वेळी मी फोन कानाला लावून बाजूला व्हायचो. त्या दिवशी मात्र तोंडातून निघून गेलं, "काका, मलाही दिसत नाही."

ते खळखळून हसले. "भोसरीत एवढी माणसं, आणि मी नेमकं तुम्हालाच विचारलं!" मग मोठ्याने ओरडले, "ओ कंडक्टर, गाडी कुठली?"

"चाकण, चाकण!"

"बघा, विचारलं की झालं. चला, माझं कोपर धरा."

बसमध्ये मला रडू आवरेना. सगळं सांगितलं, रमेशचंही. त्यांनी समजूत घातली नाही. म्हणाले, "डोळ्यांचं तुमच्या हातात नाही. पण त्या माणसाचं आहे. आणि मी मोशीला उतरतो. आमच्यासारख्यांना काम शिकवणारं केंद्र आहे तिथे. चहाला तरी या."

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "कपाच्या शेजारी हात ठेवता तुम्ही, कळत नाही होय मला? कधी सांगताय त्याची वाट बघत होते."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांना त्या लॉटबद्दल आणि माझ्या नजरेबद्दल लिहून दिलं. ते चिडले, आणि चिडायलाच हवं होतं. रमेशची समज मागे घेतली गेली, पण तो माझ्याशी बोलेनासा झाला. मी रजा टाकली आणि मोशीला जाऊ लागलो. काठी घेऊन चालणं, बोलणारा फोन, बोटांनी वस्तू पारखणं असं एकेक शिकत गेलो. नंतर केंद्रातल्या मॅडम स्वतः कंपनीत आल्या आणि म्हणाल्या, "एक महिना यांना स्पर्शाने कडा तपासू द्या." त्या महिन्यात माझ्या नखाला जे लागलं, ते डोळ्यांनी मी कितीतरी दिवस सोडून देत आलो होतो. साहेबांनी मला त्याच कामावर ठेवलं.

लोक विचारतात, ते काका म्हणजे साक्षात दत्तच होते का? ते आजही मोशीत आहेत, काठी चुकीची धरली की मला झापतात. त्यांना विचारलं तर म्हणतात, "मला बस हवी होती, एवढंच." मी वाद घालत नाही. मला इतकंच कळतं की मी डोळे मागत राहिलो, आणि दत्ताला माझ्याकडून फक्त खरं हवं होतं. ते त्याच्या स्वाधीन केल्यावर पुढची वाट त्यानेच दाखवली. त्याचे उपकार कुठल्या शब्दांत सांगू?

मागच्या महिन्यात माझ्या टेबलाशी कुणीतरी येऊन थांबलं. चालीवरून ओळखलं, रमेश. मशीनवरून नुकताच उतरवलेला, अजून कोमट असलेला भाग त्याने माझ्या तळहातावर ठेवला.

"दादा," तो म्हणाला, "एवढं बघून द्या ना."

मी कडेवरून सावकाश बोट फिरवलं.