जिभेवर शाई पारखणारे जगूकाका

ऑगस्ट २००३, शेवटच्या आठवड्यातला रविवार, सकाळ. स्थळ: उमेळ्याच्या वाडीतली जगूकाकांची छपाईची शेड. हजर: वाडीजवळच्या आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाची सेक्रेटरी म्हणून मी, खजिनदार गोखलेवहिनी, वाडीला लागून राहणाऱ्या फिलोमिनाबाई, खुद्द जगूकाका, आणि न बोलावता दारात उभे राहिलेले त्यांचे थोरले भाऊ दामूदादा. विषय एकच. चिंचोटीच्या धबधब्याजवळ सहलीवाले जो कचरा टाकून जातात, तो उचलायला आमचं मंडळ जाणार होतं. त्यासाठी टी-शर्ट छापून हवे होते.

मी विषय मांडेपर्यंत जगूकाकांनी कोपऱ्यातल्या बरणीचं झाकण काढलं. आंबूस वास सुटला. वहिनींनी पदर नाकाला लावला. काकांनी करंगळी बरणीत बुडवली, शांतपणे जिभेला लावली आणि डोळे मिटले.

"अजून कच्ची आहे. येत्या आठवड्यात होईल," ते म्हणाले.

"काय होईल? लोणचं?" वहिनींनी विचारलं.

"शाई."

"शाई चाटता?"

"जिभेला चालते तीच विहिरीला चालते, वहिनी. दुसरी शाई या शेडीत येणार नाय."

दारातून दामूदादांचा आवाज आला, "दसऱ्यापर्यंत बघू काय चालतं ते."

हे प्रकरण मला फिलोमिनाबाईंनी परत येताना सांगितलं. जगूकाका आधी सगळ्यांसारखीच प्लॅस्टिकची शाई वापरायचे आणि छपाईची जाळी रॉकेलने धुवायचे. ते धुवण शेडीतून बाहेर, केळींच्या बुंध्यांवरून आणि शेवटी विहिरीकडे. विहीर दोघा भावांची सामाईक. एके दिवशी दामूदादांच्या चहाला रॉकेलचा वास आला. त्यांनी कप तसाच अंगणात ओतला आणि सांगितलं, "विहीर किंवा छपाई, एक काय ते ठेव. दसऱ्यापर्यंत मुदत." त्या दिवसापासून ते चहाचं पाणी रस्त्यावरच्या नळावरून आणत, आणि कळशी मुद्दाम शेडीसमोरून नेत. शेड वाडीतून हलवायची तर बाहेर गाळा घ्यावा लागणार. तो काही काकांना परवडणारा नव्हता. म्हणजे छपाई बंद. वीस वर्षांत त्यांनी दुसरं काही केलेलं नव्हतं.

तेव्हापासून काका झाडपाल्याच्या मागे लागले. हिरडा, मंजिष्ठा, डाळिंबाची साल, सगळं उकळून पाहिलं. एक काळा रंग मात्र त्यांना पक्का सापडला. गंजके खिळे गुळाच्या पाण्यात आंबवायचे, त्यात चिंचोक्याची खळ घालून दाट करायचं, की झाली शाई. कपडा आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवायचा. मग त्यावर ही शाई पडली की हिरडा आणि गंज एकमेकांना धरतात आणि काळा रंग उमटतो. "बाजारातली शाई कपड्यावर नुसती बसते," काका म्हणायचे, "ही आत शिरते. पाहुणा आणि जावई यात फरक असतो ना, तसा."

काका दिसायला किरकोळ. नखं कायम काळी. लग्नाला गेले की हात खिशात ठेवून जेवायला बसेपर्यंत हिंडायचे. बोलताना समोरच्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरून कापड तपासायची सवय. एका साखरपुड्यात त्यांनी भटजींचं उपरणंही तपासलं होतं आणि वर "पॉलिस्टर" असा निकाल दिला होता.

मोठी ऑर्डर त्यांना या शाईवर पहिलीच मिळत होती. ती नीट पार पडली तर दामूदादांना दाखवायला काहीतरी होतं. काका एवढंच म्हणाले, "बाई, तुमचा कचरा नंतर. आधी माझी विहीर."

टी-शर्ट हिरड्यात भिजवून झाले आणि पावसाने मुक्काम टाकला. शेडीतल्या बांबूंवर एवढे कपडे मावेनात. मी लगेच आखणी केली. प्रत्येक सभासदाने एक गठ्ठा घरी न्यायचा, बाल्कनीत वाळवायचा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे जमा. काकांना कल्पना पसंत पडली. "शहाण्या आहात," म्हणाले. इतकं सुरळीत चाललेलं काम मी त्या वर्षात पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गठ्ठे आले. पहिला उघडला. हिरड्याने फिकट पिवळ्या झालेल्या शर्टावर आडव्या काळ्या रेघा. दुसरा उघडला. उभ्या रेघा. गोखलेवहिनींच्या शर्टांवर तर रेघांच्या मधोमध वेलबुट्टी. त्यांच्या ग्रीलला ती होती.

आम्ही सगळ्यांनी शर्ट बाल्कनीच्या लोखंडी ग्रीलवर वाळत घातले होते. फ्लॅटमध्ये राहणारा माणूस दुसरं काय करणार? पावसाने ग्रील गंजलेलं, कपडा हिरड्यात भिजलेला. ग्रीलनेच छपाई करून टाकली होती.

"मी साबणपूडही लावून पाहिली हो," वहिनी रडवेल्या झाल्या. "घासून घासून हात दुखले. जेलमधून सुटून आल्यासारखे दिसतोय आपण!"

काकांना बोलावलं. मागोमाग दामूदादाही आले. काकांनी माझ्या गठ्ठ्यातला एक शर्ट उचलला, माझ्या बाल्कनीत गेले, तो ग्रीलसमोर धरला. रेघ न् रेघ जुळली. मग ते तिथेच खाली बसले आणि इतके हसले की मला वाटलं माणसाला काही झालं.

"लोखंडावर कपडा वाळत घालतात, हे मला काय ठाऊक? आमच्याकडे बांबू!"

"हसतोस काय?" दामूदादा कडाडले. "बायकांचं नुकसान झालं. चल, मी म्हणतच होतो, हे धंदे बंद कर."

मला काकांचा चेहरा आठवतो. हसू एकदम विझलं. त्यांनी शर्ट घडी करायला घेतला.

फिलोमिनाबाईच मध्ये पडल्या. "दादा, ओरडता काय? वहिनींनी घासलंय ते बघा आधी. बादलीतलं पाणी बघा."

वहिनींनी शर्ट माझ्याच मोरीत घासला होता, बादली अजून तिथेच होती. दामूदादा आत गेले. पाण्यावर फेस होता, पण काळं काहीच नव्हतं. त्यांनी शर्टाची रेघ अंगठ्याने घासली, ओली करून पुन्हा घासली, अंगठा पाहिला.

"नुसत्या गंजाने झालं हे?"

"आणि हिरड्याने."

"आणि पाण्यात काहीच उतरत नाय?"

"उतरलं तर गूळ उतरेल, दादा. तुझ्या केळी गोड होतील."

दामूदादा हसले नाहीत. पण बंद कर, हेही पुन्हा म्हणाले नाहीत.

शर्टांचं काय करायचं, ते काकांनी रात्रीतून ठरवलं. रेघांना त्यांनी कड्याचे खडक मानलं आणि प्रत्येक शर्टावर वेगळ्या जागेवरून धबधबा खाली सोडला. चिंचोटीला आम्ही गेलो तेव्हा एकाही शर्टाची दुसऱ्याशी जोडी नव्हती. ज्याने त्याने आपल्या ग्रीलवरून आपला शर्ट ओळखला. "हा देशपांड्यांचा, त्यांचं ग्रील वाकडं आहे," असंही ऐकू आलं, आणि देशपांडे तिथेच उभे होते.

दसऱ्याला मी सोनं द्यायला वाडीत गेले. दामूदादा विहिरीवर होते. पोहरा वर ओढला, पाणी भांड्यात घेतलं, घरात गेले. थोड्या वेळाने दोन कप घेऊन आले. एक शेडीच्या दारात ठेवला, दुसरा स्वतः घेतला आणि पायरीवर बसले. काकांनी कप उचलला, एक घोट घेतला.

"साखर कमी आहे," म्हणाले.

"घे गप," दामूदादा म्हणाले. मुदतीबद्दल त्या वाडीत त्यानंतर कोणी बोललं नाही.

पुढे काही वर्षांनी दामूदादा गेले आणि त्यांच्या मागोमाग, एका पावसाळ्यात, काकाही. आता वाडीच्या जागी आमच्याच सोसायटीची नवी विंग उभी आहे. जमीन देताना काकांनी एकच अट घातली होती: विहीर बुजवायची नाही. दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा माझी बाही चिमटीत धरून म्हणाले, "सेक्रेटरीबाई, विहीर उपसत राहा हां. उपसली नाय तर पानी रुसतं."

विहीर बुजवलेली नाही. पार्किंगच्या मागे कठड्यासकट शाबूत आहे. पण तळाशी गाळ साचला आहे आणि वर बदामाची पानं कुजतायत. सोसायटीच्या सभेत मी विषय काढते, सगळे माना डोलावतात, आणि चर्चा लिफ्टवर जाते. पंपवाला पाहून ठेवलाय, गाळ टाकायची जागाही ठरलीय. पावसाआधी उपसायची होती. अजून उपसलेली नाही.