जांभळा रंग न आलेली माती

सोनटक्के सरांची आणि माझी पहिली भेट धाराशिवच्या महाविद्यालयात, प्रवेशाच्या दिवशी झाली. अर्जावर 'तेर' हे गाव वाचून सरांनी एवढेच विचारले, "शेतात शेणखत घालता का?"

मातीतल्या जिवाणूंवर सरांनी आयुष्यभर काम केले. हे जिवाणू शेजारच्या जिवाणूंना मारण्यासाठी जी प्रतिजैविके बनवतात, त्यांतली काही अमिनो आम्लांच्या साखळीची असतात. पुष्कळदा त्या साखळीचे कडे झालेले असते, म्हणून ही प्रतिजैविके उकळली तरी टिकतात, असे सर शिकवत. हेच ज्ञान मला नडले. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी मामांच्या गावाहून, तेरखेड्याहून, त्यांच्या शेडमागची माती आणली. तिच्या अर्काने बशीतले जंतू मरत. अर्क उकळला, तरी मरत. नवे प्रतिजैविक सापडले, असा मी प्रबंध लिहून टाकला. अमिनो आम्लांची साखळी असती तर चाचणीत जांभळा रंग आला असता. तो आला नव्हता. ती ओळ मी गाळली.

सरांनी प्रबंध वाचून विचारले, "जांभळा रंग?"

"नाही आला, सर."

"मामा काय करतात?"

"फटाके."

सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अरे, जंतू मारले ते मातीत मुरलेल्या फटाक्यांच्या दारूनं. तू सुतळी बॉम्ब उकळलास." मग शांतपणे म्हणाले, "जे घडलं ते आधी लिही. मग दुसरी माती आण."

तोंडी परीक्षेला तीन आठवडे उरले होते. दुसऱ्या दिवशी वडील शेतातली माती डब्यात घेऊन एसटीने आले. "सर, लई जित्ती माती हाय. पोराचं वर्ष जाणार न्हाय ना?"

सर उठून उभे राहिले. "तुम्ही आधी बसा. वर्ष जाऊ देणार नाही. पण खोटंही लिहू देणार नाही."

तीन आठवडे, रविवारीसुद्धा, सरांनी प्रयोगशाळा माझ्यासाठी उघडी ठेवली. जांभळा रंग आला. सापडले ते नवे नव्हते. जखमेच्या मलमात असते तसलेच. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मात्र फटाक्यांचेच प्रकरण रस घेऊन वाचले. मी पास झालो.

गेल्या महिन्यात वडील गेले. पंच्याहत्तरीतले सर एसटीने तेरला आले, आईजवळ बसले आणि तिला सुतळी बॉम्बची हकीकत सांगितली. वडील गेल्यापासून घरात पहिल्यांदाच कुणी हसले. निघताना आई म्हणाली, "आता हुरड्याला या, सर. त्यांच्या हातची पेरणी हाय." सरांनी येतो म्हटले आहे.

सरांची प्रकृती ठणठणीत राहो, आणि आमच्या रानातला हुरडा त्यांनी यंदाच नव्हे, पुढे कितीतरी वर्षे खावा.