पत्त्यातला आठ

मी वॉर्डन असलेल्या मुलींच्या वसतिगृहाची वेबसाइट सांभाळणारा माणूस कधी आत येत नाही. चप्पल काढून दारातच मांडीवर लॅपटॉप घेऊन बसतो. परवा एका मुलीच्या वडिलांनी तिच्या लॉगिननं वेबसाइटवरचं तिचं पान उघडलं, पानाच्या पत्त्यात शेवटी सातऐवजी आठ टाकलं आणि दुसऱ्याच मुलीचा फोन नंबर, खोली, सगळं उघडलं.

"ताई, मी पानाच्या पत्त्याचा रस्ता अनेकवचनी केलता, प्रत्येकीले येगळा नंबर," तो म्हणाला. "आता एकवचनी करून राह्यलो. पत्त्यात नंबरच नाई."

"सगळ्यांचा पत्ता एकच? मग पान कोणाचं उघडणार?"

"जी लॉगिन करन, तिचं."

माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. जिची माहिती उघडली होती त्या मुलीला त्यानं बोलवायला सांगितलं आणि ती आल्यावर तो उठून उभा राहिला.

"चूक माही होती."

"किती जणांनी पाह्यलं, दादा?" तिनं विचारलं.

‘एकानंच’ म्हण, असं मी तिच्या मागून त्याला खुणावत होते.

"मले माहीत नाई," तो म्हणाला. "आजच खोली बदलून घेजो."