गोळी न मिळालेल्या गजराबाई

माझ्या सासूबाई गजराबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, आमच्या मेंढरांपेक्षा हट्टी, हे मी त्यांच्या तोंडावरही सांगते. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो झाली आणि पाळी एकदम बंद पडली. मग अंगातून अशा वाफा निघायला लागल्या, की भर पौषात आम्ही शेकोटीला बसायचो आणि त्या लांब ओट्यावर पदरानं वारा घ्यायच्या. झोप तर उडालीच. एकदा मेंढरं चारताना बांधावर बसून त्या रडत होत्या.

मंचरचे डॉक्टर म्हणाले, बंद पडलेलं हार्मोन गोळीनं देऊ, असं जगणं काय जगणं. पुण्याचे सर्जन म्हणाले, गोळीचं नाव काढू नका, तेच हार्मोन कॅन्सरला खतपाणी घालतं. दोघंही शिकलेले, दोघंही ठाम, आणि आम्ही मधल्या मधे. मग पुण्यातच हर्षाली मॅडम भेटल्या. त्या अशाच बायांचा अभ्यास करत होत्या. अर्ध्या जणींना गोळी, अर्ध्यांना नाही, आणि कुणाला काय ते कॉम्प्युटर ठरवणार. माझ्या नवऱ्यानं, हनुमंतनं, विचारलं, तुमचं स्वतःचं मत काय?

"मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "कुणालाच नक्की माहीत नाही. म्हणून तर अभ्यास करतोय."

एवढी मोठी डॉक्टर असं बोलते, मी थक्कच झाले. आत्याबाईंचा मात्र तिथंच विश्वास बसला.

तरी घरी येऊन त्यांनी भैरवनाथाला कौल लावलाच. देवाच्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवल्या आणि उजवीकडची पडली, म्हणजे देवाचा होकार. आम्ही समजलो, गोळी मिळणार. कॉम्प्युटरनं नेमकं उलटं केलं. मी भडकले. देवाचा कौल आहे, मंचरहून गोळ्या आणू, पुण्याला कोण सांगायला जातंय, म्हणाले.

"देवाला इचारलं व्हतं, या अभ्यासात जाऊ का," आत्याबाई म्हणाल्या. "गोळी दे, असं न्हाई म्हनले. आता चोरून खाल्ली, तर बाकीच्या बायांना खोटंच कळंल."

आणि ही बाई दीड वर्ष तशीच भाजत राहिली. मानेवर ओला पंचा टाकून मेंढरं राखली. असली हिंमत मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

यंदा दिवाळीनंतर मॅडमनी बोलावलं. अभ्यास मधेच थांबवला होता. गोळी घेणाऱ्यांत जास्त जणींचं दुखणं उलटलं होतं. दुसरीकडच्या एका अभ्यासात तसं दिसलं नव्हतं, डॉक्टरांत अजून वाद आहे, हेही त्यांनी लपवलं नाही.

मी हात जोडले. हनुमंतचे डोळे भरून आले. आत्याबाईंच्या चेहऱ्यावर मात्र आनंद नव्हता. त्या बाया कुठल्या, असं त्यांनी विचारलं. नावं सांगता येत नाहीत, मॅडम म्हणाल्या. त्यांच्या गोळ्या बंद केल्यात, उपचार चालू आहेत. गोळ्या थांबल्या तरी पुढं कुणाचं काय होतं, ते आम्ही तपासत राहणार; त्यासाठी रक्त द्यायला यायचं की नाही, हे आता तुमच्यावर.

आत्याबाईंनी बाही वर सरकवली आणि हात टेबलावर ठेवला.

"मी येत राहीन," त्या म्हणाल्या. "माझ्या वाटची गोळी त्यातल्या एकीनं खाल्लीया. घ्या रगत."