मागच्या बेंचावरची आजी

नागपुरात एक आजी राहे, तिची सून वर्षा अन् नात मिनू. मिनू बोलत नसे, पण समजे सगळं. अशा लेकरांची टीचर शाळेत आठवड्यातून एकच दिवस येई. बाकीच्या शाळाही तिच्याच गळ्यात! मोठ्या मॅडम म्हणाल्या, "रोज सोबत कोणी बसत असेल तर मिनूला ठेवू. नाही तर कठीण आहे." वर्षाची धरमपेठेत दुकानात नोकरी. मंग आजीच बसली.

आजी म्हणजे मी! जन्मात शाळेचं तोंड पाहिलं नाही, अन् म्हातारपणी थेट दुसरीत. मागच्या बेंचावर बसलं की किस्से काय, टिफिनातल्या मुरमुऱ्यांसारखे सांडतच राहतात.

*

पहिल्याच दिवशी पोट्टे पाढे म्हणून राहिले होते. त्या सुरात माहा डोळा लागला. घोरली असंन जोरात! वर्गाच्या बाई म्हणाल्या, "मिनू शांत आहे हो, तिच्या आजीला आवरा!"

*

स्पेशल टीचर रेवती मॅडमनं मिनूले चित्रांचे कार्ड दिले. पाणी पाहिजे तर पाण्याचं कार्ड हातात द्यायचं. पण मिनूनं बाटलीकडं पाह्यलं, की मी झाकण उघडून तयार!

मॅडमनं कपाळाले हात लावला. "आजी, मागायच्या आधीच तुम्ही देता. मग ती सांगेल कशाला?"

"मंग मी काय करू?"

"हातांवर बसा!"

बसली बाप्पा. हाताले अशा मुंग्या आल्या, की उठताना मलेच दोन पोट्ट्यांनी ओढलं.

*

घरी मीबी वर्षाच्या हातात चहाचं कार्ड ठेवलं.

"आई, तुमाले तोंड आहे नं?"

चहा आला. सोबत भांड्यांचं कार्ड!

*

एक दिवस तपासणीचे साहेब आले. "स्पेशल टीचर रोज असते का?" मोठ्या मॅडमनं तोंड उघडायच्या आधीच साऱ्या वर्गानं माह्याकडं बोट केलं, "ह्या रोज येतात!"

साहेबानं विचारलं, "आजी, शिक्षण किती?"

मी म्हटलं, "दुसरी चालू आहे!"

साहेब हसले. मोठ्या मॅडम नाही हसल्या. त्यानंतर रोजच्या टीचरसाठी त्यांनी साहेबाच्या ऑफिसात किती चकरा मारल्या, त्याच जाणोत.

*

दिवाळी झाली अन् रेवती मॅडम आमच्याच शाळेत रोज यायले लागल्या. पण मी काही बेंच सोडेना. "राहू द्या आठ दिवस, पोरीले सवय नाही."

मिनू उठली. कार्डांच्या पाकिटात हात घालून शोधून राहिली होती. मी लगेच हातांवर बसली. तिनं माहा हात ओढून बाहेर काढला अन् त्यावर कार्ड ठेवलं. घराचं.

"अवं, सुटीले वेळ आहे अजून!"

तिनं माही थैली माह्या खांद्याले अडकवली, अन् पुढं जाऊन पोरींच्या मधात बसली.

गेटाबाहेरून वर्षाले फोन लावला.

"आई, काय झालं? रडता काहून? काढलं का मिनूले शाळेतून?"

"नाही वं, मले काढलं!"