मिठागरावरचा सॅक्सोफोन

मोरेश्वर गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. त्याच्या पुतण्याने आमच्या डोंबिवलीच्या शेजाऱ्यांकडे फोन केला, तोवर सगळं उरकलं होतं. आमची शेवटची भेट ठाण्यातल्या टेंभी नाक्यावरची. तो एका वरातीत वाजवत होता, मी फुटपाथवर उभा. मी हात केला. सॅक्सोफोन तोंडाशी असल्यामुळे त्याने नुसत्या भुवया उंचावल्या आणि वरात पुढे गेली… तिच्यामागे चार पावलं चाललो असतो तर काय बिघडलं असतं?

आमची ओळख ब्याऐंशी साली माझ्या बहिणीच्या लग्नात झाली. त्याचा बँड आलेला. जेवणाच्या पंगती चालू असताना तो मंडपामागे एकटाच काहीतरी वाजवत होता. सिनेमातलं नव्हतं ते. मी विचारलं, तर म्हणाला, "जॅझ. एका म्हाताऱ्या गोवेकर वादकाने कॅसेट दिली, तिनेच नादाला लावलं." मी लहानपणी व्हायोलिन शिकलेलो, विलायती नोटेशन वाचता यायचं. महिन्याभरात मीही एक जुना सॅक्सोफोन मिळवला आणि दर रविवारी सकाळी ठाण्याला जाऊ लागलो.

त्याच्या कोळीवाड्यातल्या घरात एवढा आवाज चालला नसता, म्हणून आम्ही खाडीलगतच्या मिठागराच्या बांधावर बसायचो. कॅसेटमधले चार-पाच सूर ऐकायचे, आधी गाऊन बघायचे, मग वाजवायचे, मग तोच तुकडा बाराही सुरांना आळीपाळीने सा धरून. मी अख्खी चाल घोटून आणायचो आणि शाबासकीची वाट बघायचो. तो म्हणायचा, "पाठ केलेलं बोलतोस रे तू. यातला एक शब्द उचल, नि तुझ्या घरची गोष्ट सांग." मग तोच तुकडा तो घ्यायचा, आणि बघता बघता त्यात होडी वल्हवतानाच्या गाण्याचं वळण यायचं. सात वर्षं मी ते ऐकलं. मला ते कधीच जमलं नाही, आणि हळूहळू त्याचं कौतुक करणंही मला जड जाऊ लागलं.

पुढे मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलच्या बँडने त्याला वाजवून दाखवायला बोलावलं. "तू चल बरोबर," तो म्हणाला, "नोटेशनचा कागद समोर ठेवला तर मला वाचता येत नाही. एकदा गाऊन दाखव, पुढचं मी बघतो." मी हो म्हणालो. त्या दिवशी ऑफिसात काम निघालं, असं मी त्याला नंतर सांगितलं. काम निघालं नव्हतं. मी टेबलाशी बसून होतो आणि घड्याळ बघत होतो.

"नाही घेतलं त्यांनी," एवढंच तो म्हणाला. मीही जास्त विचारलं नाही. हळूहळू माझे रविवार बंद झाले.

दहाव्याला गेलो तेव्हा त्याच्या बायकोने, सुमनवहिनींनी, मला आत बोलावलं. "त्या दिवशी ते आत गेलेच नाहीत, भावजी. दारापाशी तासभर तुमची वाट बघितली नि परत आले. मला म्हणाले, त्याला सांगू नको. त्याच्या मनाला लागंल."

त्यांनी एक दोनशेपानी वही पुढे ठेवली. पट्टीने आखलेल्या पाच-पाच रेघा, त्यांवर गोळे, प्रत्येक गोळ्याखाली पेन्सिलीने सा, रे, ग. शेवटच्या पानांवर खालची अक्षरं नव्हती. तो वाचायला शिकला होता. कोणाकडे, कधी, हे वहिनींनाही ठाऊक नाही.

निघताना त्यांनी लोखंडी कपाट उघडून दाखवलं. मिठागरावर जाणं सुटल्यावर तो घरीच वाजवायचा, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून सॅक्सोफोनचं तोंड कपाटातल्या साड्यांमध्ये खुपसून. साड्या अजून दोन्ही बाजूंना सारलेल्याच आहेत. वहिनी रोज एक काढतात, धुवून परत ठेवतात, पण मधली जागा भरू देत नाहीत.