पाण्याच्या वेळेचा आकडा

माझ्या जेठाणीने, म्हणजे मोठ्या जावेने, मला लग्नापासून आजपर्यंत पाच वेळा रक्त निघेपर्यंत मारलं. दवाखान्याच्या सिस्टरकडे मात्र एकाच आठवड्यात मी सात मार सांगितले. ते सगळे मी रचलेले होते, आणि चांगले रचले होते.

नवागामच्या कामगारवस्तीतली आमची घरं भिंतीला भिंत लागून. दोघे भाऊ अमळनेरकडून एकत्र आले, एकाच लूम्सच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, लागले, आणि घर बांधताना शहाणपण केलं की नळाचं कनेक्शन एकच घेऊ. पाणी सकाळी साडेसहाला येतं आणि सव्वासातला जातं. ज्याची मोटर आधी चालू होईल त्याची टाकी भरते, दुसऱ्याच्या नळाला नुसती हवा फुसफुसते. पुरुष त्या वेळी खात्यात. मैदानात आम्ही दोघी.

बावीस वर्षं आम्ही ते मैदान गाजवलं. तिने माझ्या मोटरची वायर दातांनी तोडली आहे. मी तिच्या अंगावर ड्रमचं झाकण थाळीसारखं फिरवून फेकलं आहे. तिच्या भुवईवरची खूण माझी. तिने ओल्या नळीने माझी पाठ फोडली, मी तिच्या झिंज्या धरून तिला ओट्याच्या तीन पायऱ्या उतरवल्या. समोरच्या बायका चहाचे कप घेऊन गॅलरीत उभ्या राहायच्या. सव्वासातला पाणी गेलं की भांडणही जायचं. दुपारी आम्ही एकाच साडीच्या गठ्ठ्यावर समोरासमोर बसून धागे कापायचो. कात्री दोघींच्या हातात असायची, पण दुपारी कधी काही झालं नाही.

मग माझं डावं मूत्रपिंड काढलं. त्यात गाठ होती. काही महिन्यांनी छातीतही दोन ठिपके दिसले, तेव्हा डॉक्टरांनी रोजची एक गोळी सुरू केली. ही गोळी गाठीला मिळणारं रक्त तोडते, पण उरलेल्या अंगात रक्ताचा दाब चढवते. म्हणून दवाखान्याने घरी एक यंत्र दिलं. दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, आकडा आपोआप मोबाइलमध्ये आणि मोबाइलमधून दवाखान्यात. वेळ सकाळी सात. त्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं. सिस्टरने स्पष्ट सांगितलं होतं, "बेन, ऊपरवाला एकशे साठ के ऊपर रहा ना, तो गोली बंद करनी पड़ेगी."

ती गोळी म्हणजे माझा जीव, एवढंच मला कळलं. पहिल्या स्कॅनला ठिपके लहान झाले होते. गोळी बंद म्हणजे ठिपके मोठे. मी दुसरा हिशेब केलाच नाही.

पहिल्याच आठवड्यात सातला पट्टा बांधून बसले आणि बाहेर जेठाणीची मोटर घरघरली. मी पट्ट्यासकट उठले, यंत्र काखेत, नळी लोंबकळती, आणि उजव्या हाताने तिच्यावर बादली फेकली. परत येऊन बटण दाबलं. एकशे एकाहत्तर. दहा मिनिटांत फोन.

"बेन, क्या हुआ? शांति से बैठे थे?"

मी खरं ते सगळं सांगितलं. बादली, मोटर, तिने परत फेकलेला तांब्या. सिस्टर हसू दाबत म्हणाली, "एक घंटे के बाद फिर से नापो." नापलं. एकशे छत्तीस. ती खूश, मी खूश. माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: भांडण सांगितलं की आकडा माफ होतो.

मग जेठाणी भाचीच्या लग्नासाठी माहेरी अमळनेरला गेली. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी एकटी मोटर लावून खुर्चीवर राणीसारखी बसले. पाच मिनिटं मोजली. बटण दाबलं.

एकशे चौसष्ट.

पुन्हा दाबलं. एकशे सहासष्ट. बाहेर माझी टाकी भरून वाहत होती, गल्लीत चिडीचूप, आणि माझ्या कानात लूम चालल्यासारखा ठोका.

फोन वाजला. "बेन, आज क्या हुआ?"

"अरे सिस्टर, क्या बताऊं," मी म्हणाले, आणि माझी जीभ स्वतःच पुढे निघाली. "वो जेठानी! आज तो पाइप लेके आई!"

असं सुरू झालं. दुसऱ्या दिवशी एकशे अडुसष्ट, तर जेठाणीने मला भिंतीवर आपटलं. तासाभराने पुन्हा मोजायला सांगितलं आणि आकडा तसाच, तर जेठाणी परत आली, या वेळी धोपाटणं घेऊन. तिसऱ्या दिवशी तिने माझा हात पिरगाळला. चौथ्या दिवशी मी फोनवर स्वतःचेच दोन दात पाडून घेतले, मग आठवलं की पुढच्या महिन्यात सिस्टर मला समोरासमोर बघणार आहे, म्हणून दात हलताहेत एवढ्यावर ठेवलं. खरं सांगते, मला मजा येत होती. डोकं मागून फुटत होतं, सुईत दोरा ओवताना दोन सुया दिसत होत्या, आणि मी फोनवर असं रडत होते की समोरची बाई चहा टाकून धावत आली.

नवऱ्याला संध्याकाळी म्हणाले, "सगळं बरोबर चाललंय." बारा तास लूमसमोर उभा राहून आलेला माणूस. त्याने मान हलवली आणि जेवला.

मी विसरले ते एवढंच. दवाखान्याच्या कागदावर दुसरा नंबर द्यावा लागतो. खात्यात लूमच्या धडधडाटात फोन ऐकू येत नाही, म्हणून नवऱ्याचा देऊन उपयोग नव्हता. मी दिला होता जेठाणीचा.

सातव्या दिवशी सिस्टरने तिलाच लावला. बिचारी घाबरत घाबरत म्हणाली म्हणे, "बेन, पेशंट को मत मारो, उनकी तबियत ठीक नहीं है, नहीं तो हमें किसी को बताना पड़ेगा." मांडवात बसलेल्या माझ्या जेठाणीने विचारलं, "मैंने मारा? कब?" सिस्टरने तारखेवार सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी पट्टा बांधत होते. दाराला अशी लाथ बसली की कडी उडून चुलीपर्यंत गेली. जेठाणी. हातांना हळद, अंगावर लग्नातली साडी, काखेत पिशवी. रात्रभर गाडीत उभी राहून आलेली.

"मी अमळनेरमा, अन् मार तू इथं खातीस?"

"ऐक ना..."

तिने ऐकलं नाही. पहिली चपराक अशी बसली की ओठ दातावर फाटला. मी तिच्या बांगड्यांवर झेप घेतली; हिरव्या काचा दोघींच्या मनगटांत घुसल्या. तिने मला खुर्चीसकट पाडलं. यंत्र टेबलावरून लोंबकळलं, पट्टा माझ्या दंडाला तसाच. मी तिच्या पोटरीला चावले. तिने माझ्या पाठीत तीन गुद्दे घातले, आणि तिसऱ्या गुद्द्याला मला जाणवलं की ती फक्त उजवीकडेच मारते आहे. डावीकडे, जिथे टाके होते, तिकडे तिचा हात वळतच नव्हता. मी चावणं सोडलं.

"नापलं का आज?" ती धापा टाकत म्हणाली.

"नाही."

तिने माझे केस मुठीत धरून मला खुर्चीवर बसवलं. स्वतः दारात बसली, हातातून रक्त गळत. "पाच मिनिट गप बस." बाहेर पाणी आलं होतं. दोघींच्या मोटरी बंद. पाच मिनिटांनी तिने स्वतः बटण दाबलं.

एकशे अठ्ठ्याहत्तर.

"हे भांडणाचं आहे," मी म्हणाले. "आताच तर तू..."

"अन् आधीना सात दिवस? ते कोणी मारं तुले?"

तिने फोन लावून माझ्या कानाला दाबला, केस अजून मुठीत. "सांग तिले. भांडण नही व्हयनं. मरशी तू अशीच."

मी सिस्टरला सांगितलं. आधीचे सात दिवस कुणी मारलं नाही, आकडे खरे आहेत, डोकं दुखतं, एकाच्या दोन वस्तू दिसतात. सिस्टरने एका दमात सांगितलं: आजची गोळी घेऊ नका, रिक्षा करा, लगेच या. माझ्या तोंडून निघालं, "गोळी बंद?" आणि मी खरंखुरं रडले. ते सिस्टरला नाटक वाटलं असेल तर माझीच चूक.

डॉक्टरांनी बारा दिवस गोळी थांबवली आणि दाबाच्या दोन गोळ्या लावल्या. डोक्यातली नस फुटली असती तर ठिपके कुणाला दाखवायचे होते, असं त्यांनी विचारलं. शेजारच्या खुर्चीवर जेठाणी मनगटाला पट्टी बांधून बसली होती. ती म्हणाली, "साहेब, अजून बोला." त्या बारा दिवसांत मी रोज छातीवर हात ठेवून ठिपके वाढतात का ते चाचपायची. हाताला काय लागणार? पण चाचपायची. जेठाणी रोज सातला येऊन आकडा बघायची, स्वतःच्या घरी जायची आणि आधी माझी मोटर लावायची. त्याचा मला इतका राग यायचा की विचारू नका.

तेराव्या दिवशी गोळी परत मिळाली, कमी ताकदीची. एवढीने ठिपके दबतील की नाही ते पुढच्या स्कॅनला कळेल; डॉक्टरांनी वचन दिलं नाही आणि मी मागितलं नाही. त्या सकाळी पाच मिनिटं बसून बटण दाबलं. जेठाणी दारात, हातात हिरवी नळी.

"कितला शे?"

"एकशे बत्तीस."

"गया का दवाखानामा?"

मी मोबाइल बघितला. "गया."

ती वळली आणि स्वतःच्या मोटरचं बटण दाबलं. माझ्या नळाला फुसकन हवा आली. मी पट्टा सोडून खुर्चीवर ठेवला, गोळी पाण्याबरोबर गिळली, आणि ड्रमचं झाकण उचलून बाहेर पडले.